थरच्या वाळवंटात तंबू टाकायचाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. "या वर्षी जैसलमेर. तुम्ही जाता ना तंबू घेऊन? जरा सांगा." विचारणारे बहुतेक सह्याद्रीत मुरलेले असतात. गडावर उघड्यावर झोपलेले, पावसात तंबू उभारलेले. पण गडावर कातळात खोदलेलं टाकं असतं आणि खाली उतरलं की तासाभरात गाव लागतं. थरमध्ये हे दोन्ही गृहीत धरता येत नाही, आणि तिथेच हिशेब चुकतात. तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सगळं जैसलमेर जिल्ह्याच्या अंगाने आहे, कारण आम्ही तिथेच जातो.

जायचं कधी?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. या दिवसांत दुपारी पंचविशीच्या आसपास आणि पहाटे सात-आठ अंश असतात. डिसेंबर-जानेवारीत एखादी रात्र तीन-चारपर्यंतही उतरते. होळीनंतर तंबूचं नाव काढू नका. याच भागातल्या फलोदीला 19 मे 2016 रोजी 51 अंश नोंदले गेले. त्या उन्हात तंबू म्हणजे भट्टी.

"पावसाळ्यात गर्दी नसते, तेव्हा?" असंही कुणीतरी विचारतंच. जैसलमेरला वर्षाचा पाऊस 200 मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या लोणावळ्यात जुलैच्या एका दिवसात पडतो तेवढा. पण तो पडला की कसा पडतो ते बाडमेरजवळच्या कवास गावाने ऑगस्ट 2006 मध्ये पाहिलं. जमिनीखाली जिप्समचा थर, त्यामुळे पाणी मुरेना, आणि वाळवंटातलं गाव कित्येक दिवस बुडून राहिलं.

नाताळचा आठवडा आणि माघ पौर्णिमेच्या सुमाराचा मरु महोत्सव टाळलात तर बरं. धोका काही नाही, पण सम या गावात रात्री दोनपर्यंत डीजे ऐकायला हजार-बाराशे किलोमीटर कशाला जायचं?

सम की खुरी?

सम जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर. तिथे तयार तंबूंची रांगच आहे: गादी, गरम पाणी, कालबेलिया नाच. आई-वडिलांना घेऊन एकच रात्र राहायचं असेल तर खुशाल जा, त्यात कमीपणा नाही. स्वतःचा तंबू टाकायचा असेल तर नैर्ऋत्येला खुरी गावाच्या बाजूला जा. वाळूच्या टेकडीला तिकडे धोरा म्हणतात आणि शेतातल्या दोन-चार घरांच्या वस्तीला ढाणी. पहिल्यांदा जाणाऱ्याने एखाद्या ढाणीपासून अर्ध्या-एक किलोमीटरवर मुक्काम करावा, तिथल्या माणसांना विचारून. या पानावर ढाणी वारंवार येईल, कारण आमच्या सामानातली निम्मी सुरक्षितता तीच आहे.

कुठेही तंबू टाकला तर चालतो का? मोकळीच तर जमीन आहे.

मोकळी दिसते. पण तिच्यात कुणाचं तरी शेत असतं, कुणाचं चराईचं रान, कुठे देवाची ओरण, म्हणजे तिथली देवराई. शिवाय सम आणि खुरीच्या आसपासचा मोठा पट्टा मरु राष्ट्रीय उद्यानात येतो. 3,162 चौरस किलोमीटरचं हे उद्यान जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत पसरलंय. आपल्या सोलापूरकडे नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं, तो माळढोक तिथे अजून तग धरून आहे. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी. तो जमिनीवर अंडी घालतो, तेव्हा धोऱ्यावरून गाडी पिदडणं हा नुसता गंमतीचा विषय राहत नाही. उद्यानाच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नका.

दुसरं म्हणजे सीमा. तनोटपर्यंतचा रस्ता जैसलमेरपासून सव्वाशेच्या आत आहे आणि तो आपल्यासाठी खुला आहे. तनोट मातेच्या देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहतं. त्यापुढे प्रत्यक्ष सीमेकडे जायला त्यांची परवानगी लागते. सीमेलगतच्या काही भागांत बाहेरच्या माणसाला प्रशासनाकडून आधी परवानगी घ्यावी लागते. म्हणून जैसलमेरात पोहोचल्यावर, मुक्कामाची जागा सांगून, तिथेच चौकशी करा. आधारकार्ड प्रत्येकाचं, मूळ. ड्रोन घरी ठेवा.

तिसरं, पोखरणच्या बाजूला लष्कराची गोळीबाराची मैदानं आहेत. तिथली पाटी दिसली की मागे फिरा. वाळूत पडलेला कुठलाही धातूचा तुकडा उचलायचा नाही. मुलांना हे निघतानाच सांगून ठेवा, त्यांना तसल्या वस्तू आधी दिसतात.

पाणी किती न्यायचं?

माणशी दिवसाला प्यायला चार लिटर. स्वयंपाक, भांडी, तोंड धुणं मिळून तीन. सात झाले. चार माणसं तीन दिवस म्हणजे 84 लिटर. त्यात एक पूर्ण दिवस जास्तीचा धरा, 112. आम्ही वीस लिटरचे सहा कॅन नेतो. हे हिवाळ्याचं गणित आहे. मार्चमध्ये प्यायचंच पाणी दुपटीवर जातं.

"आम्ही घरी दोन लिटरच पितो" हे मला दरवर्षी ऐकवलं जातं. घरी हवा दमट असते, घाम अंगावर राहतो, म्हणून तो कळतो. तिथल्या कोरड्या हवेत घाम सुटतो तसा उडून जातो. बनियन कोरडं आणि ओठ फुटलेले. तहानेची वाट पाहू नका, लघवीचा रंग पाहा. गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय.

कॅन जाड प्लास्टिकचे, फिरकीच्या झाकणाचे घ्या. पहिल्या वर्षी आम्ही ऑफिसात उलटे लावतात ते जार नेले होते. पोखरणच्या अलीकडे एका गतिरोधकावर त्यातल्या एकाचं झाकण निसटलं आणि वीस लिटर पाणी चार स्लीपिंग बॅगांनी पिऊन टाकलं. पाणीही गेलं आणि अंथरूणही. तेव्हापासून एकच मोठा पिंप कधीच नाही, सहा लहान. एक फुटला तरी पाच उरतात. कॅन टपावरही नको. सव्वाशे किलो वजन टपावर घेऊन वाळूत वळणारी गाडी कलंडते.

गावात पाणी मिळेलच ना?

मिळेल. तिथे पाण्याला नाही म्हणणारं घर मला अजून भेटलेलं नाही. म्हणूनच मागताना लाज वाटायला हवी.

आपलं गडावरचं टाकं आणि त्यांचा टांका, शब्द एकच. टांका म्हणजे जमिनीत बांधलेली गोल कुंडी, वर झाकण, आणि भोवती उताराची साफ केलेली जमीन. त्या जमिनीला आगोर म्हणतात. वर्षाकाठी जे चार पाऊस पडतात त्यांचं पाणी आगोरावरून घरंगळत टांक्यात जातं आणि घर ते पुरवून पुरवून वापरतं. त्यामुळे आगोरावर बूट घालून चालायचं नाही, गाडी तर नाहीच नाही, आणि आडोसा म्हणून लघवीला बसायचं नाही. आमच्यातलाच एक जण नकळत त्या मोकळ्या चौथऱ्यावर तंबूची चटई झटकायला लागला. ढाणीतले आजोबा काही बोलले नाहीत. खराटा घेऊन आले आणि सगळं परत झाडून गेले. आम्हाला तेवढं पुरलं.

कुठे कुठे बेऱ्याही दिसतात, म्हणजे वाळूत उतरलेल्या अरुंद विहिरी. खाली खडूसारख्या दगडाचा किंवा जिप्समचा थर असतो. तो पावसाची ओल वरच अडवतो, म्हणून त्यांचं पाणी गोड. त्या थराखालचं पाणी बहुतेक ठिकाणी खारट, फ्लोराइडचं. बोअरचं पाणी भांड्यांना वापरा, प्यायला शहरातून आणलेलंच.

इंदिरा गांधी कालव्यात पोहता येईल का?

नाही. काठ फरसबंद, उतरते आणि शेवाळलेले आहेत. आत जाणं सोपं, बाहेर येणं नाही.

तंबू नेमका कुठे आणि कसा लावायचा? खुंट्या धरतात का?

नेहमीच्या खुंट्या वाळूत लोण्यात सुरी जावी तशा जातात आणि तशाच निघतात. सोपा उपाय असा: भाजीच्या कापडी पिशव्या किंवा सिमेंटच्या गोणीचे तुकडे घ्या. त्यात वाळू भरा, तोंड तंबूच्या दोरीने बांधा आणि फूट-दीड फूट खोल खड्ड्यात पुरून वरून पायाने दाबा. अशा आठ पिशव्या रात्रीचा वारा सहज झेलतात. सकाळी उकरताना एखादी सापडत नाही, म्हणून दोरीला रंगीत चिंधी बांधा.

जागेचं म्हणाल तर धोऱ्याच्या माथ्यावर फोटो छान येतो, झोप येत नाही. वारा तिथेच सगळ्यात जोरात. धोऱ्याच्या तीव्र उताराच्या पायथ्याशीही नको, वरची वाळू रात्रभर तंबूवर सांडत राहते. दोन धोऱ्यांमधला कडक जमिनीचा तुकडा बरा वाटतो, पण तो पाण्याचा ओहोळ नाही ना ते पाहा. जिथे उंटांच्या लेंड्या पडल्यात ती बसण्याउठण्याची जुनी जागा; सावली असली तरी तिथे गोचिडं असतात. तंबूचं दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला. आणि चेन. वाळू चेनमध्ये गेली की ती अडते, ओढली की तुटते. जुना टूथब्रश आणि मेणबत्तीचा तुकडा जवळ ठेवा, घासायला आणि फिरवायला.

थंडी एवढी असते का?

दुपारी टी-शर्टात असता, म्हणून पटत नाही. आकाश निरभ्र, हवेत बाष्प नाही, वाळू दिवसाची ऊब धरून ठेवत नाही. सूर्य मावळला की तासाभरात फरक कळतो. थंडी वरून लागते त्याहून जास्त खालून. त्यामुळे महागड्या स्लीपिंग बॅगेआधी अंगाखाली जाड फोमची मॅट घ्या, तिच्याखाली सतरंजी. कानटोपी आणि कोरडे मोजे फक्त झोपायला वेगळे ठेवा.

तंबूत सिगडी, निखाऱ्यांचं घमेलं, गॅसची शेगडी यांतलं काहीही पेटतं ठेवून झोपायचं नाही. दार थोडं उघडं ठेवलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि ती झोपेतल्या माणसाला उठू देत नाही. त्यापेक्षा गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी घ्या, सकाळी तेच पाणी भांड्यांना.

साप, विंचू?

आहेत. डिसेंबरच्या थंडीत फारसे बाहेर पडत नाहीत, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत पडतात. दोन साप लक्षात ठेवा. एक फुरसं, कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. थरमधलं त्याचं भाऊबंद वाळूच्याच रंगाचं असतं, झुडपाच्या बुडाशी अंग पुरून बसतं. दुसरा पीवणा. तिथे लोक सांगतात, हा साप रात्री झोपलेल्याच्या छातीवर बसतो आणि श्वास पिऊन टाकतो. म्हणून पीवणा, पिणारा. प्रत्यक्षात तो मण्यारीच्या जातीचा. रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या उबेला येतो, आणि त्याचा दंश बहुधा दुखत नाही की सुजत नाही. माणूस झोपून राहतो. काही तासांनी पापण्या जड होतात, पोटात दुखतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. गोष्ट कुणी रचली असेल त्याने लक्षणं बरोबर पाहिली होती.

तेव्हा उघड्यावर, नुसत्या चादरीवर झोपायचं नाही. तंबूचं दार दोन मिनिटंसुद्धा उघडं नको. रात्री बाहेर पडताना टॉर्च आणि घोट्यापर्यंतचे बूट, ते घालण्याआधी झटकून. लाकडांच्या ढिगात हात घालायचा नाही.

दंश झालाच, किंवा झाला असावा अशी नुसती शंका आली, तर करकचून बांधणं, चिरणं, चोखणं हे काही करू नका. अंगठी, घड्याळ काढा. हात किंवा पाय फळकुटाने स्थिर करा, माणसाला चालू देऊ नका आणि थेट जैसलमेरच्या सरकारी रुग्णालयात न्या. 108 ला फोन कराच. पण रस्ता वाळूचा असेल तर रुग्णवाहिकेची वाट पाहत बसण्यापेक्षा ढाणीतली जीप डांबरी रस्त्यापर्यंत लवकर पोहोचवते. जोधपूर तिथून पावणेतीनशे किलोमीटर, म्हणून पहिलं इंजेक्शन जैसलमेरातच. भोपा-मांत्रिकाकडे आधी जाऊ या असं कुणी सुचवलं तर हात जोडून नाही म्हणा.

विंचवाचं थोडक्यात. वेदना भयंकर होतात, पण फक्त वेदना असतील तर माणूस सहसा निभावतो. घामाने अंग भिजणं, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं तर मात्र धावा. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या रुग्णांवर उपचार करता करता दाखवून दिलं. ते डॉक्टरांनीच द्यायचं औषध आहे, खिशात घेऊन फिरायचं नाही.

शेकोटी करायची का?

लाकूड विकत घेऊन, लहानशी. जागेवरचं तोडून नाही. समोर जे एकुलतं झाड दिसतं ते बहुधा खेजडी असतं, म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती. या झाडांसाठी 1730 साली जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवी आणि त्यांच्यासह 363 बिश्नोई माणसांनी जीव दिला. ओरणीत तर सुकी काटकीही उचलू नये. आणि फोगाची झुडपं, जी वाळलेली वाटतात, ती बहुतेक वेळा जिवंत असतात. त्यांची मुळं धोरा धरून ठेवतात. स्वयंपाक गॅसवर. शेगडीच्या तिन्ही बाजूंनी वारा अडवायला पत्रा हवा, नाहीतर चहालाच अर्धा सिलिंडर जातो.

जेवणाचं काय?

पहिल्या दिवशी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मग थालीपीठाची भाजणी, मेतकूट-भात, खाकरा, गूळ, चिक्की. तूरडाळ नेऊ नका. तिथल्या जड पाण्यात ती शिजता शिजत नाही आणि गॅस खाते. मूगडाळ दुपारपासून भिजवून ठेवा. ढाणीत बाजरीचा सोगरा, म्हणजे भाकरी, आणि ताक मिळालं तर आपला डबा बंद करा. पैसे घेणार नाहीत. चहापत्ती, साखर किंवा मुलांसाठी वह्या दिल्या तर घेतात.

वाळू जेवणात येणारच. आम्ही भात झाकून वाढतो आणि वाऱ्याकडे पाठ करून जेवतो. चावायचं नाही, गिळायचं, असा आमच्या मुलीचा नियम आहे.

गाडी रुतली तर?

ॲक्सिलरेटरवरचा पाय आधी काढा. चाक जितकं फिरवाल तितकं खोल. सगळे उतरा, चाकांपुढची वाळू फावड्याने उतरती करा, टायरमधली हवा 18 पीएसआयपर्यंत कमी करा, चाकाखाली पायपुसणी किंवा गोणपाट सारा आणि आलात त्याच मार्गाने मागे या. डांबरावर पोहोचलात की हवा परत भरायची, म्हणून बॅटरीवर चालणारा पंप लागतोच. विलायती बाभळीचे काटे ट्यूबलेसलाही ऐकत नाहीत. पंक्चरचं किट आणि ते वापरायचा घरी एकदा केलेला सराव, दोन्ही हवेत. पेट्रोल जैसलमेरला पूर्ण. तनोटच्या बाजूला जात असाल तर रामगढला पुन्हा.

खरं सांगायचं तर इंजिनचा जोर चारांपैकी दोनच चाकांना मिळतो अशी गाडी धोऱ्यावर घालूच नका. दरवर्षी कुणीतरी घालतं आणि शेवटी ट्रॅक्टर ढाणीतूनच येतो.

आंधी आली तर?

हिवाळ्यात क्वचित, फेब्रुवारी सरता सरता वाढते. क्षितिजावर तांबूस भिंत दिसली की पंधरा-वीस मिनिटं हातात असतात. शेगडी विझवा, तंबूचे खांब काढून तो आडवा पाडा, वर पाण्याचे कॅन ठेवा आणि सगळे गाडीत, काचा बंद. रस्त्यावर असाल तर गाडी डांबरावरून पूर्ण खाली घ्या आणि दिवे बंद करा. दिवे चालू ठेवले तर मागून येणारा ट्रक तुमच्या दिव्यांवरच येतो. उंटावर असाल तर उंटवाला सांगेल तसं. तो उंट बसवून त्याच्या आडोशाला बसवतो.

रेंज नसते. सॅटेलाइट फोन न्यावा का?

नाही. परदेशातल्या भाचीने पाठवलेलं ते उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्रही नाही. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ही साधनं बाळगणं गुन्हा आहे, आणि सीमेच्या जिल्ह्यात तर विचारूच नका. नकाशा आधी उतरवून ठेवा, तंबूच्या आणि डांबरी रस्त्याच्या जागेवर खूण करा, पॉवर बँक रात्री अंथरुणात घ्या कारण थंडीत बॅटरी उतरते.

आणि ढाणीत सांगून जा: इथे चाललोय, इतक्या माणसांनी, उद्या सकाळी चहाला येतो. चहाला नाही आलात तर ते शोधायला निघतात. आमच्या बाबतीत एकदा निघाले होते. आम्ही फक्त उशिरा उठलो होतो, त्यामुळे शरमेने मान खाली.

वाट चुकलीच तर गाडी सोडू नका. माणसापेक्षा गाडी लांबून दिसते, आणि तिच्या सावलीत दिवस काढता येतो. 112 लागतो का पाहत राहा. धोऱ्यावर चढलं की कधी कधी एखादी कांडी येते.

लहान मुलं, आजी-आजोबा?

मुलं वाळूत सुखी असतात. त्यांना शिट्टी गळ्यात बांधा. दोन धोरे ओलांडले की हाक ऐकू येत नाही. ओआरएसची पाकिटं सोबत हवीत, एक पाकीट एक लिटर पाण्यात, अंदाजाने अर्ध्या ग्लासात नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, कारण काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणखी काढतात.

संडासचं?

टांका, आगोर आणि वाटेपासून लांब, वीतभर खड्डा, वर वाळू. कागद आणि सॅनिटरी पॅड पुरायचे नाहीत, पिशवीत घालून परत. कोरड्या वाळूत काही कुजत नाही, वारा पुढच्या महिन्यात ते उघडं पाडतो.

लोक हमखास काय विसरतात?

चिमटा. भुवया कोरायचा असतो तो साधा चिमटा. भुरट नावाचं गवत असतं तिथे, त्याची गोंडेदार काटेरी फळं मोजे, शाल, ब्लँकेट, कुत्र्याची शेपूट, सगळ्याला चिकटतात. हाताने काढायला गेलं की काटा बोटात मोडतो आणि दोन दिवस ठणकतो. ढाणीतल्या माणसांच्या गळ्यात किंवा कनवटीला लोखंडी चिमटा असतो तो याचसाठी. पहिल्या वर्षी आमच्याकडे नव्हता. संध्याकाळी शेकोटीशी बसून तिथल्या आजींनी आमच्या मुलीचे दोन्ही मोजे मांडीवर घेतले आणि एकेक काटा काढत बसल्या. मध्येच माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. मला मारवाडी कळत नाही, पण बाकीचे सगळे हसले.